दारची मोरपंखी आणि धुऱ्यावरचा निवडुंग



आमच्या घराच्या दारापाशी डाव्या हाताला एक मोरपंखी आहे आणि घरामागून सुरू होणाऱ्या शेताच्या धुऱ्यावर फड्या निवडुंगाची ओळ आहे. आलेला पाहुणा मोरपंखीचं कौतुक करतो. "किती गर्द वाढली हो!" म्हणतो. निवडुंगाकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. खरं सांगायचं तर मीही कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. या दोन झाडांपायी आमच्या घरात बरंच काही घडलं. तुमच्याही दारात आणि शिवारात ही झाडं असतीलच, म्हणून सांगावंसं वाटलं. झाडांची माहिती सांगता सांगता घरची गोष्ट निघेल, तेवढी गोड करून घ्या.

माझं माहेर अकोटच्या उत्तरेला, पोपटखेडच्या बाजूला. घराच्या गच्चीवरून नरनाळ्याचा डोंगर दिसायचा. विहिरीला गोड पाणी, संत्र्याच्या बागा, केळी, पानमळे. १९७१ साली लग्न होऊन मी सासरी आले ती अकोटच्या दक्षिणेला, पूर्णा नदीच्या अंगाला. तालुका एकच, पण पाणी निराळं! हा आमचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी तो पसरला आहे. सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा मुलूख. जमीन काळीभोर, खोल, पण विहीर खणली की पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पहिल्या दिवशी घोटभर पाणी प्याले आणि माहेरच्या आठवणीनं डोळे भरून आले.

धुऱ्यावर निवडुंगाची ओळ तेव्हाही होती. आजेसासऱ्यांनी लावलेली. मला तिची भीती वाटायची. सासूबाई म्हणाल्या, "काट्यावर जाऊ नोको वं. येच्या पोटात पानी हाय."

त्याचा अर्थ पुढच्याच वर्षी कळला. १९७२ साली पावसानं पाठ फिरवली. कडबा संपला, कुटार संपलं. दोन बैल आणि तीन शेळ्या दावणीला हंबरत उभ्या. सासूबाईंनी काय केलं? लांब दांड्याच्या विळ्यानं निवडुंगाचे फडे कापले, काटेरी फासात धरून तुऱ्हाट्यांच्या जाळावर खरपूस भाजले. बारीक लव आणि काटे सारे जळून गेल्यावर त्याचे तुकडे केले आणि उरल्यासुरल्या कुटारात मिसळून शेळ्यांपुढे टाकले. शेळ्यांनी चाटूनपुसून खाल्ले. त्या उन्हाळ्यात माझ्या कडेवर चार महिन्यांचा मुलगा होता आणि त्याच्या वाटीत दूध होतं, ते त्या शेळ्यांचं. एवढं सगळं होऊनही मी निवडुंगाला मनातून काही मान दिला नाही. गरज सरो अन् वैद्य मरो, तशातली गत.

आता मोरपंखीची गोष्ट.

माझी धाकटी लेक आठ वर्षांची होती. शाळेतल्या मैत्रिणीनं तिला मोरपंखीचा एक तुरा दिला आणि सांगितलं, "हे विद्येचं झाड आहे, पुस्तकात ठेव, अभ्यास येतो." तुमच्याही लहानपणी तुम्ही हे केलं असेल. मग काय, पोरीनं हट्टच धरला. तिच्या वडिलांनी १९८६ च्या जूनमध्ये अकोल्याहून दोन रोपं आणली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना लावली. हातभर उंचीची, पोपटी, हात लावला तर मऊ. लेक रोज सकाळी त्यांना 'रामराम' करायची. मीही रोज विहिरीचं एकेक बादली पाणी घालायची. गोड पाणी तर दुसऱ्या शिवारातून डोक्यावरून आणावं लागायचं, ते झाडाला कसं घालणार?

झाडांची तोंडं हळूहळू उतरली. शेंडे तांबूस झाले. मला वाटलं पाणी कमी पडतं, म्हणून मी दोन बादल्या घालू लागले. पुढच्या पावसाळ्यात उजवीकडची मोरपंखी गेलीच. लेक दोन दिवस जेवली नाही. "आता माझी अर्धी विद्या गेली," म्हणायची. तिचं ते बोलणं ऐकून हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

त्याच वर्षी आम्ही दोघं अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिवारफेरीला गेलो. हे विद्यापीठ १९६९ साली सुरू झालं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिथं एका जाणत्या माणसाला मी धीर करून विचारलं. कपाशीचं विचारायचं सोडून बाई मोरपंखीचं काय विचारते, म्हणून आमचे हे मागे सरकले. पण त्या माणसानं नीट सांगितलं, आणि तेव्हापासून मला झाडांकडे पाहण्याची नवी नजर आली. तेव्हा समजलेलं आणि पुढं वाचून, ऐकून, करून कळलेलं असं दोन्ही मिळून सांगते.

मोरपंखी ही देवदार आणि चीड यांच्या गोतातली. या गोताला आपल्यासारखी फुलं आणि गरांची फळं येत नाहीत. छोटे शंकू येतात. मोरपंखीवर निळसर हिरवी, शिंगं फुटल्यासारखी बोंडं दिसतात ना, तीच. सुकली की उकलतात आणि आतून बी पडतं. आपल्या सातपुड्यात साग आहे, सालई आहे, धावडा आहे, पण या गोतातलं झाड रानात आपोआप उगवलेलं मिळायचं नाही. मोरपंखीचं मूळ माहेर चीनकडचं. बीजिंग शहरातल्या जुन्या देवळांच्या आवारात शेकडो वर्षांची मोरपंखी झाडं उभी आहेत. थंडी, वारा, कोरडी डोंगराळ जमीन हे सारं सोसणारं हे झाड आहे. म्हणजे आपण तिला नाजूक समजतो, ती नाजूक नाही!

आणि निवडुंग? सासूबाईंना वाटायचं तो रामाच्या वेळेपासून इथलाच. तो तर अमेरिका खंडातला. समुद्र ओलांडून युरोपातल्या लोकांबरोबर तो आपल्या देशात आला आणि बांधाबांधावर पसरला. म्हणजे दोघीही परमुलखातल्या सुना. एक पूर्वेकडून आलेली, एक पश्चिमेकडून. आणि गोड्या पाण्याच्या गावाहून खाऱ्या पाण्याच्या गावाला आलेली मी, तिसरी!

दोघींचा संसार कसा चालतो तो पाहा.

प्रत्येक हिरव्या झाडाला अंगभर बारीक छिद्रं असतात. त्यातून ते हवा आत घेतं. पण छिद्र उघडलं की आतली ओल वाफ होऊन बाहेर जाते. हवा घ्यायची तर पाणी खर्च करावं लागतं, सुटका नाही. बहुतेक झाडं हा व्यवहार दिवसा करतात, कारण उजेड दिवसा असतो. मोरपंखीही दिवसाच करते. मात्र तिनं आपली पानं इतकी बारीक केली आहेत की ती पानं वाटतच नाहीत. कौलारू घरावर कौलं बसवावीत तशी काडीवर एकावर एक बसवलेली. खर्च कमी, पण रोजचा. म्हणून तिला मुळाशी थोडी तरी ओल लागते, आणि मुळांना हवाही लागते.

निवडुंगाचा हिशेब उलटा. तो दिवसभर दारं लावून बसतो आणि रात्री, गारव्याला, छिद्रं उघडतो. रात्री घेतलेली हवा आंबट रस करून साठवतो आणि दिवसा उजेडात तिच्यावर अन्न शिजवतो. म्हणून पहाटे कापलेला फडा जास्त आंबट असतो आणि संध्याकाळी कापलेला कमी. आपण ज्याला पान म्हणतो तो फडा पान नव्हेच, ते त्याचं खोड आहे. खरी पानं कोवळ्या फड्यावर चार दिवस बारीक टोकांसारखी दिसतात आणि गळून जातात. काटे हीसुद्धा पानंच, रूप बदललेली. पाऊस आला की उथळ पसरलेली मुळं भराभर पाणी ओढतात आणि फडे फुगतात. हिरव्या फड्याचं वजन शंभर धरलं तर त्यात पंच्याऐंशी-नव्वद भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात तो तेच पाणी पुरवून पुरवून खातो. सासूबाईंचं बोलणं खरंच होतं.

माझा एक गैरसमज इथं फिटला. निवडुंग आमच्याकडे तगतो म्हणजे त्याला खारं पाणी मानवतं, असं मी समजत होते. तसं नाही. खारं पाणी त्यालाही बाधतंच. तो तगतो याचं कारण, तो उंच धुऱ्यावर आहे, तिथं पाणी साचत नाही, आणि त्याला विहिरीचं पाणी घालायला कुणी जात नाही. पावसाचं गोड पाणी पितो आणि तेच जपतो. उलट मी मोरपंखीला मायेनं रोज मीठ पाजत होते! खाऱ्या पाण्यातल्या क्षारानं काळी माती चिकट आणि घट्ट होते, पाणी खाली मुरत नाही, मुळं गुदमरतात. तहान भागावी म्हणून दुसरी बादली घातली, तिनंच झाडाचा घात केला.

घरी येऊन आम्ही उरलेली मोरपंखी मुळांच्या मातीसकट उचलली. तिथंच हातभर उंच ओटा केला, त्यात मुरूम, पोयटा आणि शेणखत घातलं आणि तिथं ती लावली. टिनाच्या छपराचं पावसाचं पाणी पन्हळीनं हौदात घेतलं. उन्हाळ्यात आठवड्यातून दोन तांबे त्या हौदातलं पाणी. झाड जगलं. लेकीची अर्धी विद्या वाचली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माणसाला एका झाडाचं कौतुक करताना दुसऱ्याला कमी लेखायची खोड असते.

१९९१ साली थोरलीला पाहायला पाहुणे येणार होते. मोरपंखी आता कमरेला लागत होती, शोभा देत होती. आमचे हे म्हणाले, "लोक येतीन थे आधी दार पाहातीन. एका अंगाले मोरपंखी, अन् मांगं काय काटे दाखवाचे?" घरामागं निवडुंग म्हणजे दरिद्री लक्षण, असंही कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं. शिवाय ओळ काढली तर कपाशीची चार तासं जास्त बसत होती. शेजारचं शेत माझ्या चुलत दिरांचं. त्यांनाही तेच हवं होतं. सासूबाई ओट्यावर बसून होत्या. एवढंच म्हणाल्या, "आजानं लावली होती बाप्पा थे ओळ. काहून लावली, थे तरी इचारा." कुणी विचारलं नाही. मीही नाही. दोन दिवसांत ओळ तोडली आणि फडे गाड्यात भरून नाल्यात फेकून दिले.

लग्न झालं, छान झालं. पण धुरा उघडा पडला. काट्यांनी धरलेली माती पावसाळ्यात दोन्ही अंगांनी ढासळू लागली. वखर फिरवताना आमचा गडी वीतभर पुढं जायचा, त्यांचा गडी वीतभर इकडं यायचा. मुद्दाम की नकळत, देव जाणे. चार वर्षांत धुरा हातभर उरला आणि मग, "तुम्ही धुरा कोरला", "नाही, तुम्हीच कोरला" हे सुरू झालं. मोजणी आणली. एका बाजूचा खुणेचा दगड सापडला, दुसऱ्या बाजूचा सापडला नाही. भांडण वाढलं, वकील झाले, दोन्ही घरांची कपाशी तारखांपायी खर्च झाली. एका आडाच्या काठी वाढलेली पोरं एकमेकांना ओळख देईनात. १९९७ साली सासूबाई गेल्या, तेव्हा दीर दारात येऊन उभे राहिले, पण घरात पाणी प्यायले नाहीत. १९९९ साली धाकटीचं लग्न झालं. तिच्या काकांचं घर हाकेच्या अंतरावर, पण एकही माणूस मांडवात आला नाही. हळद लागलेली पोर त्या घराकडे पाहत होती, ते मी पाहिलं. दारची मोरपंखी तेव्हा कमानीइतकी झाली होती. सगळे तिची तारीफ करत होते. मला ती त्या दिवशी गोड लागली नाही.

आजेसासऱ्यांनी ओळ का लावली होती, ते तेव्हा कळलं. ती गुरांसाठी कुंपण होती, मातीसाठी बांध होती, दुष्काळात चारा होती आणि दोन भावांमधला करार होती. कागद फाटतो, दगड हलतो, पण त्या काटेरी ओळीत कुणी वखर घालत नव्हतं.

२००१ च्या उन्हाळ्यात एका सकाळी जाऊबाई मागच्या दारी उभ्या. डोक्यावर टोपली, तिच्यात निवडुंगाचे फडे. दहा वर्षांपूर्वी नाल्यात फेकलेले तुकडे तिथं रुजून त्यांचं जंगल झालं होतं, तिथूनच आणलेले. म्हणाल्या, "वहिनी, हे मानसं कोर्टात बसू देत. आपुन दोघी ओळ लावू. आता मधात लावू, कोनाचीच नाही." मला बोलता येईना. मी कुदळ घेतली. फडा कापल्यावर आठ दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची आणि मग एक-तृतीयांश मातीत उभा रोवायचा. पाणी घालायचं नाही, नाहीतर कुजतो. आम्ही तसंच केलं. दोन्ही घरची माणसं दुरून पाहत होती. चौथ्या दिवशी दीर येऊन मुकाट्यानं दोरी धरून उभे राहिले. दिवाळीआधी दावा मागं घेतला गेला.

आता थोडं उपयोगाचं सांगते.

मोरपंखी लावणार असाल तर पाणी साचेल तिथं लावू नका. काळ्या जमिनीत ओटा करून लावा. खाऱ्या पाण्याची गावं असतील तर छपराचं पाणी साठवा. आतल्या बाजूच्या काही काड्या वाळतात, ते नैसर्गिक आहे, घाबरू नका. छाटताना हिरव्या भागातच छाटा. जुन्या उघड्या लाकडापर्यंत कापली तर तिथून सहसा पुन्हा फुटत नाही. ढोरांना तिचा पाला घालू नका. आणि सुरूच्या झाडाला याच गोतातलं समजू नका. ते सुयांसारखं दिसतं, पण त्याचं कूळ वेगळं.

निवडुंग म्हणून आपण थोर, साबर, शेरही दाखवतो. खूण सोपी आहे. तोडल्यावर पांढरा चीक आला तर तो फड्या निवडुंग नव्हे, तो एरंडाच्या गोतातला. तो चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. फड्यात चीक नसतो, बुळबुळीत पाणी असतं. जनावरांना द्यायचा तर काटे पूर्ण भाजून, तुकडे करून, कुटारात किंवा कडब्यात मिसळूनच द्या. नुसता दिला तर जनावर ढाळतं, आणि त्यात पोषणही थोडंच असतं. टंचाईतला तो जोडचारा आहे, मुख्य वैरण नव्हे. अमेरिकेत टेक्सासकडचे पशुपालकही असेच आगीनं काटे जाळून तो गुरांना घालतात. आता बिनकाट्याचे वाणही निघाले आहेत. ज्यांच्याकडे शेळ्या आहेत त्यांनी चौकशी करून पाहावी.

पण मी केलेली चूक करू नका. तोडलेले फडे नाल्यात किंवा गायरानात फेकू नका. एकेक तुकडा रुजतो. ऑस्ट्रेलियात हौसेनं नेलेल्या निवडुंगानं १९२५ पर्यंत दोन कोटी हेक्टरांहून जास्त जमीन गिळली होती. शेवटी अर्जेंटिनाहून एका पतंगाची अळी आणून तो आवरावा लागला. आपल्याकडे दक्षिण भारतात १९२६ साली सिलोनहून एक किडा आणून सोडला होता. तुमच्या फड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले आणि बोटानं चिरडल्यावर लालभडक रंग आला, तर तो याच जातकुळीचा किडा. निवडुंग बांधावर राहिला तर राखणदार, बांध सोडून सुटला तर दरोडेखोर.

आज माझं वय सत्तरीच्या पुढं आहे. आता वान धरणाचं गोड पाणी योजनेच्या नळानं आमच्या पट्ट्यातल्या गावांना मिळतं. शिवारात शेततळी झाली आहेत. तरी मी छपराचं पाणी अजून हौदात घेते. कुणी विचारलं, "मावशी, यातलं चांगलं झाड कोणतं?" तर मी सांगते, चांगलं-वाईट पाहण्याआधी ते पाणी कुठून घेतं आणि ते कसं जपतं, ते पाहा. मग त्याची जागा आपोआप कळते. मोरपंखी दारात शोभते, निवडुंग धुऱ्यावर. मोरपंखी लावायला धुरा मोकळा करायची गरज नव्हती. दोघींना पुरेल एवढी जागा आमच्याकडे होती. आमचीच नजर तोकडी पडली.

तुमच्या धुऱ्यावर अशी एखादी जुनी काटेरी ओळ असेल, तर कुऱ्हाड उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, "ही काहून लावली होती?" उत्तर ऐकायला थोडं थांबा. आमच्या घरात तेवढंच राहून गेलं होतं.

धाकटीची मुलगी गेल्या उन्हाळ्यात आली होती. जाताना तिनं मोरपंखीचा तुरा वहीत घातला, आणि धुऱ्यावरचं निवडुंगाचं लाल फळ खाऊन तोंड रंगवून घेतलं. काटे आणि लव मी आधी काढून दिली होती, बरं का!